स्कूबाची भीती वाटतेय? मालवणला पाण्यात उतरण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-तारकर्लीचा प्लॅन ठरला आणि त्यात स्कूबा आलं की ग्रुपमध्ये एक जण तरी गप्प होतो. बाकीचे व्हिडिओ बघत असतात आणि त्याच्या डोक्यात एकच, खाली श्वास अडकला तर? हे त्याच्यासाठी लिहितेय. मी स्वतः पहिल्या वेळी घाबरून दोन मीटरवरून वर आलेली आहे, दोन वर्षांनी परत गेले, मग रीतसर कोर्सही केला. त्यामुळे तेव्हा मला पडलेले आणि आता ओळखीतले लोक फोन करून विचारतात ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगते, आपण कुठपर्यंत जाणार आणि कधी थांबणार हे किनाऱ्यावर, कोरड्या अंगाने ठरवून टाकायचं. पाण्यात घाबरल्यावर ते ठरवता येत नाही.

आदल्या रात्री झोपच लागत नाही, पोटात गोळा येतो. हे नॉर्मल आहे का?

अगदी नॉर्मल. नाक बंद कर, तोंडात रबरी नळी धर आणि पाण्याखाली जा असं आपण शरीराला सांगतोय, ते कुरकुर करणारच. सारखं बाथरूमला जावंसं वाटणं, उगाच चिडचिड, हातपाय गार पडणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि पाण्यात तोंड घालून थोडा वेळ गेला की उतरतंही.

काळजी कधी करायची, तर भीतीमुळे ऐकलेलं डोक्यात शिरत नसेल तेव्हा. इन्स्ट्रक्टर बोलतोय, आपण मान हलवतोय आणि दोन मिनिटांनी काहीच आठवत नाहीये. मी एक साधी परीक्षा घेते, ब्रीफिंग, म्हणजे उतरण्याआधीच्या सूचना, संपल्या की पाण्याखाली बोलायच्या सगळ्या खुणा स्वतःच्या हाताने परत करून दाखवायच्या. जमलं तर भीती असली तरी डोकं ठिकाणावर आहे. नाही जमलं तर परत समजावून घ्यायचं, आणि तरीही जमलं नाही तर त्या दिवशी उतरायचं नाही.

अजून एक, मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी मारून सकाळी आठला थेट जेटीवर येऊ नका. जागरण झालेलं, पोटात फक्त चहा, त्यात पाठीवर सिलिंडर, अशा वेळी धीट माणसालाही धडधडतं. एक रात्र मालवणात झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळचा स्लॉट घ्या.

मला पोहता येत नाही. तरी जाऊ का?

मालवणला येणाऱ्या कितीतरी लोकांना पोहता येत नाही. तिथली टुरिस्ट डाइव्ह म्हणजे इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, खाली-वर करणं, जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं सगळं तोच करतो, तुमचं काम फक्त श्वास घेणं आणि कान सांभाळणं. त्यामुळे जाता येतं. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर पोहता येणं आणि पाण्याची सवय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहता येत नसलं तरी चालेल, पण चेहऱ्यावर पाणी आलं की जीव घाबरा होत असेल तर आधी त्यावर काम करा. महिनाभर तरणतलावात जाऊन नुसतं कठडा धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडलेत ना तरी खूप फरक पडतो.

नेमकी भीती कुठल्या क्षणी वाटते?

बहुतेकांना खोल गेल्यावर वाटत नाही, अगदी सुरुवातीला वाटते, डोकं पाण्याखाली जातं तेव्हा. माझंच सांगते. डिसेंबर होता, समोर सिंधुदुर्ग किल्ला, होडीत आम्ही आठ जण आणि घाई एवढी की ब्रीफिंग पाच मिनिटांत उरकलं, फॉर्मवर मी न वाचता सही केली. पाण्यात उतरले, डोकं खाली गेलं आणि मास्कच्या कडेतून थोडंसं, अगदी चमचाभर, पाणी नाकाशी आलं. बस्स. मी नाकाने श्वास ओढला, ठसका लागला, आणि एकच कळत होतं की वर जायचंय. काचेच्या पलीकडे हिरवट पाणी, कानात स्वतःच्याच श्वासाचा घरघर आवाज, आणि इन्स्ट्रक्टरचा हात मी झटकून टाकत होते जो खरं तर मला धरून होता. वर आल्यावर कुणी काही विचारलं नाही, पुढचा माणूस उतरवला. मी होडीत बसून राहिले आणि दोन वर्षं मला वाटत राहिलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

दुसऱ्या वेळी वेगळे लोक होते. मी आधीच सांगितलं की मागे असं झालंय. तर तिथला इन्स्ट्रक्टर दादा म्हणाला, "दर्या हंयसरच आसा ताई, खंय जातलो तो?" (दर्या इथेच आहे, कुठे जाणार तो?) आणि पहिली दहा मिनिटं आम्ही खाली गेलोच नाही. नांगराचा दोर धरून, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारा, तोंडात धरायचा भाग), फक्त चेहरा पाण्यात, श्वास आत, श्वास बाहेर. मग एक हात खाली, थांबलो. परत एक हात. दोराला शेवाळ लागलेलं बुळबुळीत होतं आणि त्यावर एक बोटाएवढा मासा येऊन टोचे मारत होता, मी त्याच्याकडे बघत बसले, आणि कधी तीन मीटर खाली आलो कळलंच नाही.

हवा असूनही श्वास पुरत नाही असं का वाटतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याला "श्वास हवा" असं जे वाटतं ते मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे वाटत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की वाटतं. घाबरल्यावर आपण भराभर, छोटे-छोटे, वरवरचे श्वास घेतो. त्यात हवा नुसती घशात आणि रेग्युलेटरमध्ये आत-बाहेर होते, फुप्फुसातली जुनी हवा नीट बाहेर पडतच नाही. मग कार्बन डायऑक्साइड वाढतो, अजून गुदमरल्यासारखं होतं, आपण अजून भराभर श्वास घेतो आणि हे चक्र चालूच राहतं. सिलिंडर भरलेला असतो, रेग्युलेटर चालू असतो, तरी माणूस ते तोंडातून काढून टाकतो, इतकं ते खरं वाटतं.

उपाय उलटा आहे, श्वास घ्यायच्या मागे लागायचं नाही, सोडायच्या मागे लागायचं. हालचाल थांबवा, दोर किंवा इन्स्ट्रक्टरचा हात धरा आणि लांब श्वास सोडा, बुडबुडे मोजत. आत घेताना चार अंक, सोडताना सहा-सात. तीन-चार श्वासांत छाती मोकळी व्हायला लागते. नाही झाली तर वर जायची खूण, पुढे वाट बघायची नाही.

सिलिंडरचं म्हणाल तर नेहमीचा ११ लिटरचा सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात साधारण २२०० लिटर हवा असते. साधीच हवा बरं का, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही तो. पंधरा-वीस मिनिटांच्या उथळ डाइव्हला घाबरून जोरजोरात श्वास घेतले तरी ही हवा पुरते. फक्त तो भरलेला आहे हे स्वतः बघा, प्रेशर गेज दाखवा म्हणायचं, कारण गर्दीच्या दिवसात एकच सिलिंडर दोघा-तिघांना वापरतात. काटा ५० बारच्या आसपास असेल तर ती राखीव हवा आहे, त्यावर डाइव्ह सुरू करायची नसते.

घरी काही प्रॅक्टिस करता येईल का?

हो, आणि कराच. बादलीत पाणी घ्या, नाक पाण्यात बुडेल एवढा चेहरा घाला आणि तोंडात साधी स्नॉर्कलची नळी धरून त्यातून श्वास घ्या. नाक ओलं असताना फक्त तोंडाने श्वास घ्यायचा ही सवय आपल्याला नसते आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. मोठी माणसं बघत असतील तर बघू देत.

मास्कमध्ये पाणी गेलं तर?

जाईलच, थोडं जातंच. मान वर करायची, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालच्या कडेतून निघून जातं. उथळ पाण्यात दोनदा मुद्दाम करून बघा, खाली जायच्या आधी. दाढी-मिशी असेल किंवा केसांची बट मास्कमध्ये अडकली असेल तर जास्त पाणी येतं, बायकांनी केस आधीच घट्ट बांधा. चष्मा आत बसत नाही, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण डोळे मिटून मास्क साफ करायचा म्हणजे लेन्स वाहून जात नाही.

कान दुखतात म्हणे?

दुखू द्यायचेच नाहीत. समुद्रसपाटीला एक वातावरण दाब असतो, १० मीटरवर तो दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा फरक वरच्या काही मीटरमध्येच पडतो. मीटर-दीड मीटरवरच कानावर दडपण जाणवायला लागतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान उघडल्याचा टक आवाज येतो. दडपण यायच्या आधीच करायचं आणि दर हातभर खाली गेलं की परत करायचं. जोर लावायचा नाही. नाही उघडला तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवून थोडं वर या, परत प्रयत्न करा. तरी नाही उघडला तर डाइव्ह तिथेच संपली, यात लाज वगैरे काही नाही, पडदा फाटला तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं.

सर्दी असेल तर जाऊच नका. नाक मोकळं करायचा स्प्रे मारून जाणारे लोक असतात, पण त्याचा असर खालीच उतरला तर वर येताना आतली हवा अडकते आणि ते जास्त वाईट दुखतं.

किती खोल नेतात?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूची टुरिस्ट डाइव्ह साधारण २० ते ३० फुटांची, म्हणजे सहा ते नऊ मीटरची असते. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला इन्स्ट्रक्टरबरोबर जास्तीत जास्त १२ मीटर, ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्याला १८, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डला ३० मीटर. हे वरचे आकडे आहेत, तेवढं गेलंच पाहिजे असं नाही. तीन मीटरवर पण मासे असतात, आणि उजेड जास्त असल्यामुळे रंग उलट छान दिसतात.

खाली बोलता येत नाही, मग घाबरलो हे सांगायचं कसं?

खुणांनी. आणि इथे एक मोठी गफलत होते. आपण सवयीने "मस्त" म्हणून अंगठा वर करतो, पण डाइव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "वर चला". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पंजा आडवा धरून डुगडुग हलवला की "काहीतरी गडबड आहे", आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट, कान, छाती, मास्क. मी अजून एक करते, होडीतच इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवते की मी अंगठा वर केला तर थांबवायचं नाही, समजवायचं नाही, सरळ वर न्यायचं. हे आधी बोललेलं असलं ना की खाली निम्मी भीती तशीच कमी होते, कारण दार उघडं आहे हे माहीत असतं.

एवढी भीती वाटली तर पटकन वर येता येतंच की?

वर यायचं, पण पटकन नाही, आणि श्वास रोखून तर कधीच नाही. हा नियम पाठ करा. खाली दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगते, १० मीटरवर भरलेल्या फुप्फुसातली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते. श्वास रोखला तर तिला जायला जागा नाही आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, अगदी मीटर-दीड मीटरवरून आलं तरी. म्हणून वर येताना श्वास चालू ठेवायचा, रेग्युलेटर तोंडातच. खोकला आला तर त्यातच खोका, उलटी आली तरी त्यातच करता येते. ऐकायला कसंतरी वाटतं, पण तो तोंडातून काढायचा नाही.

कुणी अजिबात जाऊ नये?

गरोदर बाई, फिट येणारे, कानाचा पडदा फाटलेला असणारे, यांनी नाही. दमा, हृदयाचा त्रास, बीपी, डायबेटीस, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेडिकल फॉर्ममध्ये पॅनिक अटॅकसाठी उपचार घेतलेत का हेही विचारलेलं असतं आणि तिथे लोक सर्रास खोटं "नाही" लिहितात कारण "हो" लिहिलं तर नेणार नाहीत ही भीती. असं करू नका. उपचार चालू असलेली माणसंसुद्धा डॉक्टरांच्या परवानगीने डाइव्ह करतात, पण खाली तुमच्या शेजारी असलेल्या माणसाला ते माहीत असायला हवं.

लहान मुलांना समुद्रात निदान १० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नको, आणि मूल स्वतःहून म्हणत असेल तरच.

शांत वाटावं म्हणून एखादी गोळी किंवा बिअर घेतली तर?

नाही. बिअर तर आदल्या रात्रीसुद्धा बेताने, सकाळी अजिबात नाही. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांनी भीती कमी होते तशी सावधपणाही कमी होतो, आणि खाली तोच लागतो. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका, त्यांना विचारा. बोट लागण्याच्या गोळीचंही तेच, बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. बोट लागत असेल तर हलकं खाऊन जा, होडीत मोबाईल बघू नका, क्षितिजाकडे बघा, डिझेलच्या धुरापासून लांब बसा.

पैसे भरलेत, सगळा ग्रुप उतरलाय, आता नाही कसं म्हणू?

"मी आज उतरत नाही." एवढंच म्हणायचं. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की समोरचा ते खोडून काढायला लागतो. "अगं काही होत नाही", "एवढ्या लांब आलीस", "आमची आठ वर्षांची पोरगी गेली", हे सगळं प्रेमानेच म्हणतात लोक, पण पाण्याखाली तुमचा श्वास ते घेणार नसतात. जगभरातल्या डायव्हर लोकांत एक जुना नियम आहे की कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह रद्द करू शकतो आणि त्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही. हजारो डाइव्ह केलेली माणसं हा नियम पाळतात, पहिल्यांदा आलेल्याने का पाळू नये?

आणि तुम्ही ग्रुपमधले ते आग्रह करणारे असाल तर कृपा करून थांबा. ढकलून उतरवलेला माणूस खाली घाबरला की त्याला सांभाळायला तुम्ही तिथे नसता, तो इन्स्ट्रक्टर असतो.

पैशांचं आधीच विचारून घ्या, पाण्यात उतरून परत आले तर काय, उतरलेच नाही तर काय. उत्तर काहीही असो, ते आधी माहीत असलं की त्या क्षणी हिशोब डोक्यात फिरत नाही.

चांगले लोक कसे ओळखायचे?

घाई करतात का ते बघा. बाकी सगळं त्यात येतं. फॉर्म वाचायला वेळ देतात का, एका इन्स्ट्रक्टरमागे एकच माणूस आहे का, उथळ पाण्यात आधी श्वास घेऊन बघू देतात का, होडीवर इमर्जन्सीसाठी ऑक्सिजन आहे का, इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट विचारलं तर चिडतात का दाखवतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे, तिथे ट्रेनिंगसाठी पूल आहे, ज्यांना समुद्रातच पहिलं पाऊल नको वाटतं त्यांनी तिथे चौकशी करावी. शक्यतो मे महिन्याची आणि दिवाळीची गर्दी टाळा. पावसाळ्यात सगळं बंदच असतं, आणि दर्या खवळलेला असेल तर "नेतो की" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, आणि समोरचं दिसत असलं की भीतीही कमी वाटते.

एकदा घाबरून वर आले, परत प्रयत्न करू का?

त्याच दिवशी, त्याच घाईत नको. धाप थांबू दे, पाणी प्या, आणि नक्की कशाने घाबरलात ते शोधा. मास्कमध्ये पाणी? कान? श्वास? का नुसतंच खाली काही दिसत नव्हतं म्हणून? कारण सापडलं तर तेवढ्याचीच प्रॅक्टिस करता येते, माझं कारण नाकातलं पाणी निघालं आणि ते बादलीत सुटलं. आणि परत करावंसं वाटलंच नाही तर नका करू. स्नॉर्कलिंग करा, होडीतून किल्ला बघा, देवबागला संगमावर जाऊन बसा.

त्याच दिवशी परत निघालो तर चालेल का?

विमान असेल तर नाही. एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबायचं, कारण पाण्याखाली शरीरात विरघळलेला हवेतला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि उंचावर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाचं लोकांना माहीत असतं, घाटाचं नसतं. विमानाचा हा नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. उथळ टुरिस्ट डाइव्हला धोका फारच कमी असतो, पण कोर्स करत असाल, दिवसाला दोन-दोन डाइव्ह झाल्या असतील, तर संध्याकाळी लगेच आंबोलीमार्गे बेळगावला निघू नका. रात्री मालवणात राहा, सोलकढी प्या, सकाळी घाट चढा.